गावची लाइन अन् मायक्रोवेव्ह: मिनिटांऐवजी अंश मोजून अन्न गरम करायचं कसं

आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला तो दिवाळीत. धाकट्या दिरांनी पुण्याहून आणला, स्वयंपाकघरात मांडून दिला, "वहिनी, दोन मिनिटं लावायची, झालं" असं सांगितलं आणि भाऊबीज आटोपून ते परत गेले. ती दोन मिनिटं महिनाभर मला छळत होती. सकाळी दोन मिनिटांत वरण उतू जायचं. संध्याकाळी त्याच वाटीतलं तेवढंच वरण दोन मिनिटांनी कोमट. एकदा तर सासूबाईंनी घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. "काऊन व, वरून तं चटका लागते अन् मधात थंडगार हाये!"

मशीन बिघडलं असं समजून मी ते बदलायला निघाले होते. बिघाड मशीनमध्ये नव्हता. आमच्या डीपीवर, म्हणजे ज्या ट्रान्सफॉर्मरवरून घरात लाइन येते त्यावर, पिठाची चक्की आहे. ती संध्याकाळी सुरू झाली की घरातला ट्यूबलाइट डोळे मिचकावतो, पंखा मंदावतो, आणि मायक्रोवेव्हही. २३० व्होल्टचे १८०-१८५ झाले की साध्या, जड ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हची ताकद व्होल्टेज उतरलं त्याहून जास्त उतरते. त्याहून खाली गेलं तर दिवा लागतो, थाळी फिरते, घुंघुं आवाजही येतो, पण आतलं अन्न आहे तसंच. पुस्तिकेतली मिनिटं भरपूर व्होल्टेज धरून लिहिलेली असतात. आपल्या गावात मिनिट आणि मिनिट सारखं नसतं. शिळं अन्न मधापर्यंत नीट गरम झालं हे सांगणारे ७४ अंश सेल्सिअस मात्र वर्ध्यात, वरुडमध्ये, मुंबईत, सगळीकडे ७४च. म्हणून मी घड्याळ सोडलं आणि थर्मामीटर धरला. ज्यांच्या घरी मशीन नवं आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी थर्मामीटर

स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्यायचा. वर छोटा पडदा, खाली स्टीलची लांब काडी, टोकाला अणकुची. ऑनलाइन काही शे रुपयांत येतो. घेताना तो शून्याखालपासून निदान १५० अंशांपर्यंत मोजतो ना, एवढं पाहा.

तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२-४३ अंशांच्या पुढे जात नाही. कोरोनात कपाळावर रोखायची ती बंदूक ग्रामपंचायतीत अजून पडून असेल, तीही नको. ती माणसाच्या अंगापुरती बनवलेली आहे. कारखान्यात वापरतात तशी इन्फ्रारेड बंदूक जास्त अंश दाखवते, पण वरच्या पापुद्र्याचेच. आतलं वरण थंड आहे की गरम हे तिला कळत नाही. चकचकीत स्टीलवर रोखली तर आकडाच खोटा येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर तर अन्नाच्या जवळही आणायचा नाही.

आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. पेलाभर बर्फ बारीक फोडा, बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटांनी काडी मधोमध धरा. ० किंवा एखाद अंश इकडे-तिकडे यायला हवा. मग गॅसवर पाणी खळखळ उकळवून पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९९च्या आसपास उकळतं. चिखलदऱ्याला, हजार-अकराशे मीटरवर, ते ९६च्या जवळच उकळायला लागतं. तेव्हा मेळघाटातल्या वाचकांनी १०० आला नाही म्हणून थर्मामीटर फेकू नये. दोन्हीकडे तो सारखाच दोन अंश जास्त दाखवत असेल, तर तेवढे मनात वजा करा आणि कामाला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही काडी मशीन बंद करून, दार उघडूनच अन्नात घालायची. आत ठेवून मशीन चालवायचं नाही. स्टील आणि आतलं सर्किट, दोन्हींचं मायक्रोवेव्हशी वैर आहे, ठिणग्या उडतात. मी ही चूक एकदा केली आहे, दार लावताना काडी वाटीतच राहिली होती. तीन सेकंदांत बंद केलं तरी थर्मामीटर गेला तो गेलाच.

काही महागड्या मॉडेलांना आतच वायरची काडी असते. ती अन्नात खोचायची, दुसरं टोक आतल्या भिंतीवरच्या छिद्रात बसवायचं, हवे ते अंश बटणावर सांगायचे. तेवढे झाले की मशीन आपोआप थांबतं. ती काडी मायक्रोवेव्हसाठीच बांधलेली असते, आणि ज्या मशीनची त्याच मशीनला चालते. काही मशीनवर नुसतं 'सेन्सर' लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा अन्नातून निघणारी वाफ हुंगतं, अंश मोजत नाही. आमचं मशीन २० लिटरचं, साधं. त्यामुळे पुढचं सगळं साध्या मशीनचं आहे.

मग मशीनची ताकद

ही परीक्षा एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घ्या. काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लास्टिकच्या हलक्या भांड्यात मोजून एक लिटर पाणी घ्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच चहासारखं येतं, तेव्हा माठातलं घ्या. अंश लिहून ठेवा. पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट चालवा, लगेच बाहेर काढा, ढवळा, पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७०ने गुणा. येईल तेवढे वॉट अन्नाला मिळतात.

हा ७० आला कुठून? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८७ ज्यूल लागतात. ते ६० सेकंदांत वाटले की जवळजवळ ७० होतात.

माझ्या मशीनवर ७०० लिहिलंय. सकाळी पाणी १० अंशांनी चढलं, म्हणजे ७००, कंपनी खरं बोलली. संध्याकाळी चक्की चालू असताना ७ अंश, म्हणजे ४९०. सकाळची दोन मिनिटं आमच्याकडे संध्याकाळी जवळजवळ तीन होतात. दिरांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर पार एमएसईबीवाल्या झाल्या!"

संध्याकाळचा आकडा सकाळच्या निम्म्यावर येत असेल, तर त्या वेळी मशीन चालवूच नका, गॅस बरा. स्टॅबिलायझर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: ७०० वॉट अन्नाला द्यायचे तर मशीन लाइनीतून हजार-बाराशे ओढतं. टीव्ही-फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर तिथे टिकत नाही, घरचा बॅटरीचा इन्व्हर्टरही नाही. जाड पिनांचा पॉवर प्लग आणि खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंग हवी. आपल्याकडे बऱ्याच घरांत तिसरी पिन नावालाच असते, वायरमनला एकदा दाखवून घ्या.

वरून चटका, मधात थंड: असं का?

मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो असं कोणीतरी पसरवून ठेवलंय. तसं नाही. या लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, पाण्याच्या कणांना हलवून तेवढा थर तापवतात. त्याच्या आत उष्णता नेहमीच्याच चालीने, हळूहळू झिरपत जाते. उंच गंजासारख्या भांड्यात वरण ठेवलं तर मधला भाग उपाशी राहतो. मीठ जास्त असलं तर लहरी आणखीच वर अडकतात.

शिवाय पेटीच्या आत काही जागी लहरी दाट, काही जागी विरळ. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर थाळीवर एक कच्चा उडदाचा पापड ठेवून चालवा आणि दारातून बघत राहा. एका ठिकाणी आधी फुलेल, शेजारची चकती कच्चीच. थाळी फिरते ती यासाठी, पण थाळीचा मधला बिंदू फिरूनही जागच्या जागीच. म्हणून एकच वाटी असेल तर ती मधात ठेवू नका, कडेला ठेवा म्हणजे गावभर फिरून येईल.

भांडं पसरट आणि उथळ घ्या. भात असेल तर त्याला मधात आळं करा, जसं वरणासाठी ताटात करतो तसं, किंवा संत्र्याच्या झाडाला करतो तसं म्हणा. थंड राहणारी जागाच काढून टाकली की काम अर्धं झालं. वर झाकण ठेवा, पण थोडं तिरकं, वाफेला वाट हवी. झाकणाखालची वाफ कोपरेही गरम करते. स्टीलचा डबा, वर्खाची कड असलेली कपबशी, ॲल्युमिनियमची फॉइल यांतलं काही आत जायला नको. मेलामाइनची ताटं, लग्नात आहेरात मिळतात ती, तीही नको.

रोजची रीत

वरणाचंच उदाहरण घेऊ. फ्रिजमधलं दोन वाट्या वरण, साधारण ३०० ग्रॅम, ६ अंशांवर.

एक मिनिट पूर्ण ताकदीवर चालवा. बाहेर काढा, तळापासून ढवळा. आता काडी मधोमध, निदान दोन सेंटिमीटर बुडेल अशी धरा. तळाला किंवा भांड्याच्या भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर वरणाऐवजी भांड्याचे अंश कळतील. आकडा चढायचा थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद धीर धरा. मग दुसरी, तिसरी जागा पाहा. तीन आकड्यांत जो सगळ्यात कमी, तोच खरा धरायचा.

समजा ३६ आले. एका मिनिटात ३० चढले. जायचं आहे ७४ला, म्हणजे ३८ बाकी, म्हणजे आणखी सव्वा मिनिट. संध्याकाळी त्याच वरणाचे पहिल्या मिनिटानंतर २८च येतील. २२ चढले, ४६ बाकी, दोन मिनिटं आणि वर थोडं. पहिलं मिनिट हेच तुमचं माप. व्होल्टेज, भांडं, फ्रिजची थंडी, वरण घट्ट की पातळ, सगळं त्या एका फरकात आलेलं असतं, वेगळा विचार करायला नको. मेच्या महिन्यात, घरातच ४० अंश असताना बाहेरचं अन्न कुठून सुरू होतं आणि जानेवारीत कुठून, याचाही हिशेब त्यातच होतो.

शेवटच्या टप्प्यात वाफ निघू लागते आणि चाल मंदावते, तेव्हा हिशेब थोडा चुकेल. चुकू द्या, वीस-वीस सेकंदांनी पुन्हा मोजा. झालं की बंद करून झाकण घालून दोन मिनिटं तसंच ठेवा. गरम जागेची उष्णता थंड जागेत शिरते, सगळीकडे सारखं होतं. ही दोन मिनिटं कोणी पाळत नाही. आमचे हे रात्रीच्या पाळीचं ओलित करून दोन वाजता येतात, त्या वेळी "दोन मिनिटं थांबा" म्हणणं मलाही जड जातं. पण त्यानंतर मोजलेला आकडाच ताटात वाढायच्या कामाचा.

हा ७४च का? शिळं अन्न पुन्हा गरम करताना मधापर्यंत ७४ अंश गेले की त्यातले बहुतेक रोगजंतू काही क्षणांत मरतात. ५ ते ६० अंशांच्या मधात ते आनंदाने वाढतात. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं सांगतात. चंद्रपूर-नागपूरकडचा उन्हाळा धरला तर आपल्याला चार महिने तो एकच तास मिळतो.

भाताचं थोडं वेगळं आहे. भातात एका जातीचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष करतात, आणि ते विष तापवून जात नाही. तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी ७४ काय, ९० अंशांपर्यंत नेला तरी उपयोग नाही. ताटात पसरून लवकर गार करा, फ्रिजमध्ये टाका, मग सकाळी खुशाल फोडणीचा करा.

आपल्या घरचे पदार्थ

गोळाभात हा या कामात सगळ्यात फसवा. भात मोकळा, गोळे घट्ट. भाताचे ७५ आले म्हणून वाढाल आणि गोळ्याच्या पोटात ४५ असतील. काडी गोळ्यातच खोचा. मोठे गोळे असतील तर फोडून गरम करा, सासूबाई नाराज झाल्या तरी.

सावजी रस्सा किंवा कुठलाही तर्रीवाला रस्सा असेल तर काडी तर्रीत धरू नका. तेल पाण्यापेक्षा कमी उष्णतेत जास्त तापतं, तिथला आकडा आतल्या रश्श्याचा नसतो. तेलाचा थर वाफही दाबून ठेवतो. खालून एकदम भडका आल्यासारखा रस्सा उडतो आणि आतलं छत लाल होतं. ढवळा, अर्ध्या ताकदीवर चालवा, खालपर्यंत मोजा. साध्या मशीनमध्ये अर्धी ताकद म्हणजे लहरी बारीक होत नाहीत. काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद, असं आलटून पालटून. त्या मधल्या बंद वेळेत उष्णता पसरते, म्हणून घट्ट पदार्थांना अर्धी ताकदच मानवते.

कोंबडीचे तुकडे कच्चे शिजवायचे असतील तर सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, ७४ पाहिजेत. एक तुकडा पाहून बाकीचे सोडून देऊ नका. गावरान कोंबडी मात्र यात शिजवायच्या फंदात पडू नये. ७४ येतील, पण ती चिवटच राहील, तिला वेळ आणि चूल लागते.

बेसन, म्हणजे पिठलं, गरम करताना आधी दोन चमचे पाणी घालून सैल करा, नाहीतर बुडबुडे फुटून उडतं. पुरणपोळीला पंधरा-वीस सेकंद पुष्कळ. आतलं गुळाचं पुरण पोळीच्या पुढे पळतं, हाताला पोळी कोमट लागते आणि जीभ भाजते. मी पुरणात काडी घालून ५०-५५वर थांबते. पोळीला भोक पडतं, पडू द्या. भाकर यात गरम करू नका. क्षणभर मऊ होते आणि मग चामडं. तव्यावरच टाका.

बर्फ झालेलं अन्न थेट पूर्ण ताकदीवर लावू नका. बर्फ या लहरी फारशा घेत नाही, पाणी घेतं. जिथे आधी वितळलं तिथेच सगळी उष्णता जाते, एक कोपरा शिजतो आणि शेजारी दगड राहतो. कमी ताकद, मिनिटभर चालू, दोन मिनिटं बंद, असं करत कुठेच उणे आकडा राहिला नाही की मग पुढे जा.

कपात नुसतं पाणी गरम करताना ९०वर थांबा. गुळगुळीत कपात ते १००च्या वर जाऊनही शांत दिसतं आणि चहापत्ती टाकली की अंगावर उसळतं. आत लाकडी चमचा उभा ठेवला तर हा धोका बराच कमी होतो. अंडं कवचासकट नको, सोललेलं उकडलेलंही नको, दोन्ही फुटतात, कधी कधी तर ताटात आल्यावर. बाळाच्या बाटलीतलं दूध यात गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि मधात कढत असतं. वाटीभर गरम पाण्यात बाटली उभी करा, ३७ पुरे.

घरच्या म्हशीचं कच्चं दूध आम्ही गॅसवरच तापवतो. यात तापवलंच तर ७२ अंश पंधरा सेकंद हा दुधाच्या डेअरीचा हिशेब इथे पुरत नाही, कारण पेटीत सगळं दूध एकसारखं तापत नाही. मी दोनदा ढवळून ८५पर्यंत नेते. ९५च्या पुढे ते उतू जातं आणि मग थाळी, चाकं, सगळं काढून धुवावं लागतं.

त्याच दुधाचं दही लावायचं असेल तर ते ४३पर्यंत उतरू द्या, मग विरजण घाला. ५०च्या वर घातलं तर विरजण मरतं, ३०च्या खाली दही धरायला फार वेळ लागतो. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री दही धरत नाही ते यामुळेच. तेव्हा बंद मायक्रोवेव्हचा उपयोग होतो: विरजलेलं भांडं आत ठेवा, शेजारी कढत पाण्याचा पेला, दार लावून घ्या. पेटी घोंगडीसारखी ऊब धरते. पाणी रात्री एकदा बदललं की सकाळी दही घट्ट. फक्त पाठीमागचं बटण बंद करून ठेवा आणि दारावर चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे हे दोन वाजता ओलितावरून आले, आत काय आहे ते न पाहता वरणाची वाटी सरकवली आणि तीन मिनिटं लावली. त्या दह्याचं सकाळी पनीर झालं होतं.